कांडी भरणारी

मेडिकलच्या मागच्या इमारतीत आमची लॅब.
पंखा आहे, पण लावायचा नाही,
स्लाइडवरचा थर वेळेआधी सुकतो.
मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
आत मी कफातल्या पेशी मोजते.
बाबांना हे अजून नीट सांगितलेलं नाही.
त्यांना वाटतं, रक्त तपासते पोरगी.

आज पहिली डबी यशोदा बावणेची.
कळमन्यात मिरचीचे देठ खुडते.
महिन्यापूर्वी तिच्या शंभर पेशींत सदतीस लाल दाण्यांच्या,
काउंटर दाबून दाबून अंगठा दुखला होता.
आज चार.
दोन वेळा पंप, नंतर खळखळून चूळ,
एवढंच केलं तिनं.
"जिने चढून आली मी, मॅडम, मधात कुठं बसली नाही."

स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात.
सवय लागते म्हणतात, हाडं जातात म्हणतात.
पण या फवाऱ्यातला कण आत जाऊन
आवाज चढवत नाही.
पेशीच्या भिंतीतून सरळ आत शिरतो,
तिथं एक जण त्याचीच वाट पाहत असतो,
त्याला सोबत घेऊन केंद्रकापर्यंत जातो.
केंद्रकात सूत सुटून पडलेलं.
माणसाहून लांब सूत, टाचणीच्या टोकाहून लहान जागेत.
सुटलेलं सूत वाचलं जातं
आणि वाचलं की हुकूम निघतात:
आणखी पेशी पाठवा, आणखी पाणी, आणखी चिकटा,
नळी आवळा.

कण स्वतः काही गुंडाळत नाही.
हाक मारतो फक्त, एका विकराला.
पुस्तकात विकर नपुंसकलिंगी आहे.
मला बाई दिसते.
गोळीबार चौकाच्या गल्लीत, ओसरीवर,
एक पाय लांब करून रहाटाशी बसलेली.
बाबा मागाच्या खड्ड्यातून ओरडायचे, "कांडी!"
आणि आई सुटं सूत बोटावरून घेत
कांडी भरून द्यायची,
गच्च, एक पदर बाहेर न ठेवता.
गुंडाळलेलं सूत कुणाला वाचता येत नाही.
हुकूम थांबतात.
यशोदा जिने चढते.

बाबांचा पंप तोच.
तोच रंग, तीच मात्रा, शिकवणंही माझंच:
श्वास सोडा, ओठ मिटा, दाबा, ओढा, दहा मोजा.
सहावर खोकला येतो.
"तुया पंपात दम नाही," म्हणतात.

दम आहे, बाबा.
निरोप पोचतो तुमच्या छातीत,
केंद्रकाच्या दारात उभा राहून हाक मारतो.
कांडी भरणारी उठत नाही.
चाळीस वर्षं कापसाची भुकटी,
वर कानामागची बिडी,
धुरानं तिचे हात भाजून ठेवलेत.
सूत तसंच पसरलेलं, रहाट तसाच.
(हे सगळं पुरतं सिद्ध झालंय असं नाही,
मोटघरे डॉक्टर म्हणतात, वाद आहे अजून.
त्यांनी एक जुनी, स्वस्त गोळी
अगदी थोड्या मात्रेत लिहून दिलीय.
तिनं म्हणे कधी कधी हातात थोडी जान येते.)

आई आता कांड्या भरत नाही. बोटं वळत नाहीत.
चवळीच्या शेंगासुद्धा मलाच मोडायला देते.
काल रात्री कूलर बंद पडला, दिवे गेले,
सगळे गच्चीवर.
टाकीच्या आड एक ठिणगी लाल झाली, विझली, लाल झाली.
मी काही बोलले नाही.
आईही जागी होती.
बराच वेळानं ती म्हणाली,
"त्यायले चूळ भराले पाणी नेऊन दे."
पंपानंतरची चूळ की बिडीनंतरची, विचारलं नाही मी.
तांब्या घेऊन गेले.

सोमवारी बाबांची डबी यायची आहे.
तिच्यात लाल दाणे फारसे नसणार,
दुसऱ्याच पेशी असतील, ज्यांना हाक ऐकू येत नाही,
किंवा येते आणि फरक पडत नाही.
नंबर चढवीन, रंग लावीन, स्लाइड ठेवीन.
मोजायला शबानाला सांगीन.